शेक्सपिअरचे अठरावे सुनीत आणि देहूची विराणी : प्रेमकवितेतील अलंकार, कलाटणी आणि काव्याचे चिरंजीवित्व

सारांश

विल्यम शेक्सपिअर याचे अठरावे सुनीत ही जगभर सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या प्रेमकवितांपैकी एक आहे. ही कविता शिकवताना तिच्यातील अलंकारांची यादी दिली जाते. परंतु ते अलंकार कोणता युक्तिवाद उभा करतात याकडे बहुधा दुर्लक्ष होते. प्रस्तुत शोधनिबंधात या सुनीताचे विवेचन भारतीय अलंकारविचाराच्या आधारे केले आहे. मराठीत सुनीत कसे आले याचा संक्षिप्त आढावा घेऊन, शेक्सपिअरला काळाने जवळ असलेल्या तुकोबांच्या विराण्यांशी त्याची तुलना केली आहे. सुनीतात कवी प्रियव्यक्तीला काळाच्या तडाख्यातून वाचवण्याचे वचन देतो. हे वचन कागदावर अवलंबून नसून वाचणाऱ्याच्या श्वासावर अवलंबून आहे, आणि देहूच्या काव्यपरंपरेचा इतिहास हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने सिद्ध करतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : सुनीत, विराणी, व्यतिरेक, कलाटणी, नाममुद्रा, गाथा, देहू.

प्रस्तावना

तुकोबांचा जन्म सर्वसाधारणपणे इ. स. १६०८चा मानला जातो. शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांचे पुस्तक लंडनमध्ये १६०९ साली प्रसिद्ध झाले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध कोणताही नाही. तरीही मराठी वाचकाच्या मनात ही दोन नावे शेजारी येतात, आणि त्याला आधुनिक मराठी कवितेचाच आधार आहे. विंदा करंदीकर यांनी या दोघांची भेट कल्पिणारी कविता लिहिली. त्या भेटीचे स्थळ त्यांनी तुकोबांचे दुकान हे ठेवले आणि रचनेसाठी अभंगाचा घाट स्वीकारला. 'किंग लिअर'चे मराठी भाषांतर करणाऱ्या कवीला शेक्सपिअर देहूला न्यावासा वाटला, ही बाब तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आज देहू हे इंद्रायणीकाठचे गाव पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला लागून आहे. या परिसरातील महाविद्यालयांत इंग्रजी कविता शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या कानावर अभंग बालपणापासून पडलेला असतो. सुनीत मात्र त्यांना प्रथम पाठ्यपुस्तकातच भेटते. कानात असलेल्या काव्यप्रकाराच्या साहाय्याने पुस्तकातील काव्यप्रकार समजून घेता येईल काय, हा या निबंधामागील मूळ प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सुनीत या काव्यप्रकाराची रचना व तिचा इतिहास थोडक्यात मांडणे.
२. अठराव्या सुनीतातील अलंकारांचे कार्य तपासणे.
३. मराठी सुनीताने मूळ प्रकारातील काय स्वीकारले व काय सोडले ते पाहणे.
४. तुकोबांच्या विराण्यांशी तुलना करून काव्याच्या चिरंजीवित्वाच्या कल्पनेचा विचार करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी वर्णनात्मक, ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. दोन परंपरांत प्रत्यक्ष देवाणघेवाण झाल्याचा दावा येथे नाही. म्हणून 'प्रभाव' या संकल्पनेऐवजी 'साम्य-भेद' ही संकल्पना वापरली आहे.

सुनीताचा घाट : संक्षिप्त इतिहास

सुनीताचा उगम तेराव्या शतकात सिसिली येथे, सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या दरबारात झाला. त्या दरबारातील जाकोमो दा लेन्तिनी हा या प्रकाराचा आद्य कवी समजला जातो. चौदाव्या शतकात पेत्रार्क (१३०४–१३७४) याने लॉरा या स्त्रीला उद्देशून लिहिलेल्या कवितांमुळे सुनीत आणि प्रेमकविता यांचे नाते घट्ट झाले. पेत्रार्कच्या सुनीतात आठ ओळींचे अष्टक व सहा ओळींचे षट्क असे दोन भाग पडतात. अष्टकात प्रश्न, तक्रार किंवा परिस्थिती मांडली जाते आणि षट्कात तिला उत्तर मिळते. या दोहोंच्या सांध्यावर विचाराला जे वळण मिळते त्याला आपण 'कलाटणी' म्हणतो.

सोळाव्या शतकात टॉमस वायट आणि सरेचा अर्ल हेन्री हॉवर्ड यांनी सुनीत इंग्रजीत आणले. इटालियन भाषेच्या तुलनेत इंग्रजीत यमके कमी. त्यामुळे सरेने तीन चतुष्के आणि शेवटी एक द्विपदी अशी नवी मांडणी रूढ केली. शेक्सपिअरने तीच स्वीकारली. प्रत्येक चतुष्कात पहिली-तिसरी व दुसरी-चौथी ओळ यमकाने जुळते. अखेरच्या दोन ओळी परस्परांशी जुळतात. प्रत्येक ओळीत साधारणतः दहा अक्षरावयव असून आघात एकाआड एक येतो. या मांडणीचा परिणाम असा की विचार तीन पायऱ्यांनी चढतो आणि शेवटच्या दोन ओळींत त्याचा निकाल लागतो. न्यायालयातील कैफियतीप्रमाणे येथे मुद्दे मांडले जातात आणि शेवटी निवाडा होतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

अठराव्या सुनीताचे अलंकारदृष्ट्या विवेचन

या सुनीताचा आरंभ एका प्रश्नाने होतो. प्रियव्यक्तीला उन्हाळ्यातील दिवसाची उपमा द्यावी काय, असा तो प्रश्न आहे. मराठी विद्यार्थी येथेच अडखळतो. आपल्याकडे वैशाखातील दिवसाची उपमा देणे म्हणजे स्तुती नव्हे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'ची सुरुवात ग्रीष्माने होते, परंतु तो ग्रीष्म प्राणिमात्राला तापवणारा आहे. याउलट उत्तरेकडील थंड देशात उन्हाळा हा अल्पकाळ टिकणारा, प्रकाशाचा आणि फुलांचा ऋतू असतो. आपल्या काव्यसंकेतांत वसंताला किंवा शरदाला जे स्थान आहे ते तेथे उन्हाळ्याला आहे. उपमेचे सौंदर्य त्या त्या प्रदेशाच्या हवामानावर अवलंबून असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

यापुढील मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. पाठ्यपुस्तकांत या कवितेचा मुख्य अलंकार 'उपमा' असा सांगितला जातो. वस्तुतः कवी उपमा सुचवतो आणि लगेच ती अपुरी ठरवतो. उन्हाळ्यात सोसाट्याचा वारा सुटून कळ्या हेलावतात, ऊन कधी फार कडक होते, कधी ढगांनी झाकोळते, आणि हा ऋतू लवकर संपतो. प्रियव्यक्तीत यांपैकी एकही उणीव नाही. उपमानापेक्षा उपमेय सरस ठरते तेथे आपले अलंकारशास्त्र 'व्यतिरेक' मानते. या सुनीताची पहिली आठ ओळींची रचना म्हणजे विस्ताराने मांडलेला व्यतिरेकच होय. ही संज्ञा वापरली की कवितेचा युक्तिवाद एकदम उलगडतो.

या मुख्य अलंकाराला इतर अलंकार साहाय्य करतात. सूर्याला आकाशाचा डोळा म्हटले आहे, हे रूपक. त्या सूर्याला सोनेरी कांतीचा चेहरा आहे आणि तो निस्तेज होतो, मृत्यू फुशारकी मारू शकतो, ही चेतनगुणोक्ती. सौंदर्यवाचक एकच शब्द एका ओळीत दोनदा आणून प्रत्येक सुंदर वस्तू सौंदर्यापासून ढळते हे सांगितले आहे. येथे पुनरुक्ती अर्थाला वजन देते. उन्हाळ्याचा काळ सांगताना कवी मुदतीच्या भाडेपट्ट्याचा शब्द योजतो. ही भाषा कायद्याची व व्यवहाराची आहे. निसर्गाचे सौंदर्य हे मालकीचे नसून ठरावीक मुदतीने मिळालेले आहे, हा विचार त्या एका शब्दात सामावला आहे.

नवव्या ओळीत 'परंतु' या अर्थाच्या शब्दाने कलाटणी मिळते. निसर्गाचा उन्हाळा संपतो, पण प्रियव्यक्तीचा उन्हाळा संपणार नाही. येथे 'उन्हाळा' हा शब्द तोच राहतो आणि त्याचा अर्थ बदलतो. ऋतू आता यौवनाचे व सौंदर्याचे रूपक बनतो. हे कशामुळे शक्य होते याचे उत्तर बाराव्या ओळीत आहे. कवितेच्या ओळींच्या योगाने प्रियव्यक्ती काळाशी जोडली जाऊन वाढत राहते. वाढण्याच्या या क्रियेत झाडाला कलम बांधण्याची प्रतिमा आहे, असे अनेक भाष्यकारांनी म्हटले आहे. पंधराव्या सुनीतात तर ती उघडपणे येते. मराठी वाचकाला येथे एक अनपेक्षित लाभ होतो. झाडावर बांधतात तेही 'कलम' आणि लिहिण्याचे साधन तेही 'कलम'. मूळ इंग्रजीत नसलेला हा श्लेष कवितेच्या आशयाला अचूक लागू पडतो.

अखेरच्या द्विपदीत निवाडा येतो. माणसे श्वास घेत आहेत आणि डोळ्यांना दिसते आहे तोवर ही कविता जगेल व प्रियव्यक्तीला जगवेल, असा तिचा आशय आहे. दोन्ही ओळींच्या आरंभी एकाच शब्दसमूहाची आवृत्ती आहे. या आवृत्तीमुळे विधानाला प्रतिज्ञेचे स्वरूप येते. तथापि, ही प्रतिज्ञा सशर्त आहे हे लक्षात घेतले पाहिजे. कविता स्वतःच्या बळावर अमर आहे असे कवी म्हणत नाही. वाचणाऱ्याचे डोळे आणि उच्चारणाऱ्याचा श्वास या तिच्या अटी आहेत. शिवाय ज्या व्यक्तीला अमर करायचे तिचे नाव, रूप, वय यांपैकी काहीही या चौदा ओळींत सांगितलेले नाही. पहिली १२६ सुनीते एका तरुण पुरुषाला उद्देशून आहेत असे सामान्यतः मानले जाते. परंतु अठराव्या सुनीतापुरते पाहता प्रियव्यक्ती ही केवळ 'तू' एवढीच उरते.

मराठीतील सुनीत

मराठीत सुनीत प्रथम केशवसुतांनी (१८६६–१९०५) लिहिले. 'मयूरासन आणि ताजमहाल' (१८९२) हे मराठीतील पहिले सुनीत मानले जाते. केशवसुत या रचनेला 'चतुर्दशक' म्हणत. 'सुनीत' हे नाव पुढे रूढ झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माधव जूलियन, यशवंत आदी रविकिरण मंडळातील कवींनी हा प्रकार लोकप्रिय केला. त्यानंतर विंदा करंदीकरांनी वृत्ताचे बंधन सैल करून 'मुक्त सुनीत' लिहिले.

मराठी सुनीताने इंग्रजी छंद उचलला नाही. मराठीत आघाताऐवजी ऱ्हस्व-दीर्घाला महत्त्व असल्यामुळे कवींनी अक्षरगणवृत्ते योजली. त्यांत शार्दूलविक्रीडित विशेष प्रचलित झाले. या वृत्तात एका चरणात एकोणीस अक्षरे असून बाराव्या अक्षरावर यती येतो. अशा दीर्घ व भारदस्त चरणामुळे मराठी सुनीताला वक्तृत्वाचा डौल आला, मात्र मूळ सुनीतातील बोलण्याची सहजता काही अंशी कमी झाली. छंद सोडला तरी चौदा ओळींची मर्यादा आणि कलाटणी या दोन गोष्टी मराठीने जपल्या. एका मर्यादित जागेत विचार उभा करून तो वळवायचा, हेच सुनीताचे सार असल्याचे आपल्या कवींनी ओळखले होते.

पहिल्या मराठी सुनीताचा विषयही लक्षणीय आहे. त्याच्या शीर्षकातच एका बादशहाच्या दोन निर्मिती समोरासमोर ठेवल्या आहेत. मयूरासन हे सत्तेचे आसन. ते १७३९ साली नादिरशहाने लुटून नेले. ताजमहाल हे प्रियपत्नीचे स्मारक. ते उभे आहे. प्रेमातून निर्माण झालेली वस्तू सत्तेपेक्षा टिकाऊ ठरते काय, हा शेक्सपिअरच्या सुनीतामागील प्रश्न मराठी सुनीताच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे.

देहूची विराणी

विरहिणीच्या मुखातून आलेली रचना म्हणजे विराणी. ज्ञानदेवांच्या विराण्या प्रसिद्ध आहेत. तुकोबांच्या गाथेतही मंगलाचरणानंतर विराण्यांचे अभंग येतात. त्यांत बोलणारी स्त्री घरसंसार सोडून वनमाळीकडे निघालेली आहे. लोक तिला नावे ठेवतात, वाळीत टाकतात. तिला त्याची तमा नाही. पुरुष कवीने स्त्रीचा आवाज स्वीकारणे आणि परपुरुषावरील प्रेमाच्या रूपकातून ईश्वरप्रेम सांगणे, ही या रचनांची प्रमुख काव्यसाधने आहेत. समाजाने निषिद्ध मानलेले नातेच रूपकासाठी निवडल्यामुळे भक्तीतील बेबंदपणा प्रकट होतो.

रचनेच्या दृष्टीने अभंग हा अक्षरछंद आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चरण येऊन दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक साधते; लहान अभंगात साधारण आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. ओळींच्या संख्येला सुनीतासारखी मर्यादा नाही. तरी अखेरच्या कडव्यात 'तुका म्हणे' ही नाममुद्रा येते तेव्हा बोलणे एका ठिकाणी आवळले जाते. विराणीत तर येथपर्यंत बोलणारी स्त्री आणि सही करणारा कवी हे एकाएकी समोरासमोर येतात. सुनीताची द्विपदी आणि अभंगाची नाममुद्रा ही दोन्ही समाप्तीची साधने होत. ज्याला अभंग ठाऊक आहे त्याला द्विपदीचे कार्य निराळे समजावून सांगावे लागत नाही.

भेदही तितकाच स्पष्ट आहे. सुनीतात प्रियव्यक्ती मर्त्य आहे आणि प्रेम करणारा कवी तिला आयुष्य देऊ पाहतो. विराणीत प्रियकर नित्य आहे. प्रेम करणारीच स्वतःला विसरून जाते. सुनीतात काळ हा शत्रू आहे. विराणीत शत्रू आहे तो लोकलाज. म्हणून एका ठिकाणी युक्तिवाद आवश्यक ठरतो, तर दुसऱ्या ठिकाणी निर्धार.

कवितेचे टिकणे : क्वार्टो, ताजमहाल आणि इंद्रायणी

अठराव्या सुनीतातील प्रतिज्ञा इतिहासाच्या कसोटीवर तपासली असता काय आढळते? १६०९च्या त्या पुस्तकाच्या केवळ तेरा प्रती आज ज्ञात आहेत. १६४० साली जॉन बेन्सन याने या कवितांची नवी आवृत्ती काढली. तिच्यात त्याने क्रम बदलला, अनेक सुनीते एकत्र जोडली आणि आठ सुनीते गाळली. गाळलेल्या आठांत अठरावे सुनीतही होते. अमरत्वाचा दावा करणारी कविताच त्या आवृत्तीतून नाहीशी झाली. अठराव्या शतकात मूळ पुस्तकाचे पुनर्मुद्रण झाले आणि १७८० साली एडमंड मलोन याने साक्षेपी संपादन केले, तेव्हा ती पुन्हा वाचकांपर्यंत नीट पोहोचली.

देहूचा इतिहास याहून नाट्यमय आहे. परंपरा असे सांगते की तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. पुढे वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या विरोधामुळे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या तरून आल्या. या कथेतील चमत्काराचा भाग श्रद्धेचा आहे. इतिहासाच्या दृष्टीने निश्चित असे की अभंग टिकले. ते लोकांच्या कंठात टिकले, आणि चाकणच्या संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी लिहून ठेवल्यामुळे टिकले. १८६९ व १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन खंड सरकारी साहाय्याने प्रसिद्ध झाले. आज देहूच्या गाथा मंदिराच्या भिंतींवर चार हजारांहून अधिक अभंग कोरलेले आहेत. दगडावर कोरण्याची ही वेळ मात्र लोकांनी ते तीनशेहून अधिक वर्षे म्हटल्यानंतर आली, हा क्रम विसरता येत नाही.

याच काळातील आणखी एक घटना या विषयाच्या मुळाशी नेते. १६३० ते १६३२ या काळात गुजरात व दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपूर येथे होता, आणि तेथेच जून १६३१ मध्ये मुमताजमहल प्रसूतीत मरण पावली. त्याच दुष्काळात देहूमध्ये तुकोबांची पहिली पत्नी उपासमारीने गेली. एकाच आपत्तीच्या छायेत दोन पुरुष विधुर झाले. एकाच्या हाती साम्राज्याचा खजिना होता. त्याने आग्र्यास संगमरवराचे स्मारक उभारले. दुसऱ्याचे दुकान बुडाले होते. त्याच्या पत्नीचे कोणतेही स्मारक नाही. तुकोबांनी आपल्या आयुष्याची हकिकत सांगणाऱ्या अभंगात दुष्काळाने नेलेल्या धनाचा व प्रतिष्ठेचा उल्लेख करताना तिच्या मृत्यूचाही उल्लेख केला आहे. तो अर्ध्या ओळीत संपतो. तेथे तिचे नाव नाही. रखमा हे नाव आपल्याला परंपरेकडून कळते.

हा अभंग प्रेमकविता नाही, आणि त्यास तसे म्हणणे योग्य होणार नाही. त्यात उपमा नाही, रूपक नाही, अमरत्वाची प्रतिज्ञाही नाही. परंतु सुनीताने जे वचन दिले ते या अर्ध्या ओळीने कोणतेही वचन न देता पाळले आहे. त्या दुष्काळात अन्नावाचून मेलेल्या असंख्य स्त्रियांपैकी ही एक स्त्री आज पावणेचारशेहून अधिक वर्षांनंतरही आपल्याला ठाऊक आहे, कारण लोक तो अभंग म्हणत आले. सुनीतातील 'तू' अनाम आहे आणि ही पत्नीही अनाम आहे. याचा अर्थ असा की कविता नाव किंवा रूप टिकवत नाही. एका माणसाला दुसऱ्या माणसाचे असणे व नसणे किती महत्त्वाचे वाटले, एवढेच ती टिकवते.

निष्कर्ष

१. अठराव्या सुनीताचा प्रधान अलंकार उपमा नसून व्यतिरेक होय. इतर अलंकार या युक्तिवादाचे पुरावे म्हणून येतात. त्यामुळे अलंकारांची सुटी यादी देण्याऐवजी त्यांचे कार्य शिकवणे आवश्यक आहे.

२. मराठी सुनीताने मूळ छंद सोडून चौदा ओळींची मर्यादा आणि कलाटणी स्वीकारली. मराठी वृत्तांच्या स्वभावाला धरूनच हा स्वीकार झाला.

३. सुनीताची द्विपदी आणि अभंगाची नाममुद्रा यांचे कार्य समांतर आहे. अभंगाचा संस्कार असलेल्या विद्यार्थ्याला सुनीत शिकवताना या साम्याचा उपयोग करून घेता येईल.

४. सुनीतातील अमरत्वाची प्रतिज्ञा श्वास व दृष्टी यांच्या अटीवर आधारलेली आहे. बेन्सनने गाळलेले सुनीत आणि इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या या दोन्ही घटना कागदाची असुरक्षितता दाखवतात. दोन्ही ठिकाणी कविता परत आली ती तिला वाचणाऱ्या व म्हणणाऱ्या माणसांमुळे.

शेवटी एवढेच म्हणता येईल की प्रेमकवितेचे जतन ही कवीइतकीच वाचकाचीही जबाबदारी आहे. वर्गात सुनीत केवळ परीक्षेपुरते वाचले गेले आणि अभंग केवळ भिंतीवर कोरून ठेवला गेला, तर दोन्ही ठिकाणी ती अट मोडेल. दोन्ही मोठ्याने म्हटले गेले पाहिजेत.